पवळ्याला फोन लाव

पारनेर,
संक्रांतीनंतरचा एक रविवार (तारीख तुम्हीच काढा, माझं कॅलेंडर कॉलेजात राहिलं आहे)

आदरणीय दाजी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही आणि पंकजाताई खुशाल असाल असं गृहीत धरतो, कारण तसं नसतं तर ताईचा फोन आला असता. तुमच्या कंबरेचं काय झालं? मोटारसायकलवरून उसाचे फड हिंडून हिंडून ती गेली हे मला मान्य आहे, पण डॉक्टरांनी दिलेला पट्टा कपाटात ठेवून कंबर बरी होत नसते, तो कंबरेलाच बांधावा लागतो (हे वाक्य ताईनं घालायला सांगितलंय, माझ्यावर रागावू नका). केस पांढरे झाले तरी साखर कारखान्याच्या दप्तरी तुमचा हुद्दा अजून तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारा स्लिपबॉयच आहे, तेव्हा पोरासारखं उड्या मारत फिरणं तुम्हाला भागच असेल. माझ्या तब्येतीचं म्हणाल तर दुखत-खुपत काही नाही, नुसता थकवा आहे. रात्री झोपतो तेव्हा जेवढा थकलेला असतो, सकाळी उठतो तेव्हा त्याहून थोडा जास्तच असतो. डॉक्टर म्हणाले, काळजी सोडा. मी म्हटलं, तीच एक माझ्याकडं कायमस्वरूपी आहे, बाकी सगळं तासिका तत्त्वावर आहे.

पत्रास कारण म्हणाल तर बरीच आहेत, त्यातलं खरं कोणतं ते मलाही लिहिता लिहिताच कळेल. फोन का केला नाही, असं तुम्ही विचारणार. तुम्हाला फोन केला की तुम्ही 'बोला पाव्हणं' म्हणता आणि पुढं सगळं ट्रॅक्टरवाल्याशी बोलता. मागच्या वेळी तुम्ही ओरडलात, 'गाडी मागं घे', आणि मी इकडं स्वयंपाकघरात दोन पावलं मागं सरकलो, मागं दूध तापत होतं. घरच्या ग्रुपवर लिहावं तर अख्ख्या भावकीत बोभाटा व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून हे पत्र. ताईला दाखवलंत तरी चालेल, पण शेवटचा भाग आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

तर दाजी, माझी पीएचडी. (उसासा टाकलात ना? मी पण टाकला.) इथल्या कॉलेजात मी संगणक शिकवतो, पण दरवर्षी जूनमध्ये मला नव्यानं नेमतात आणि उन्हाळ्यात नव्यानं विसरतात. पीएचडी झाली तर कायम होण्याची थोडी आशा आहे. विषयाचं इंग्रजी नाव दीड ओळीचं आहे, मराठीत सांगायचं तर आंधळे, बहिरे, म्हातारे, शाळा न शिकलेले अशा सगळ्यांना फोन आणि संगणक आपल्यासारखाच वापरता यावा यासाठी काय काय करायचं राहून गेलंय, ते शोधायचं. या राहून गेलेल्याला आमच्यात 'रिसर्च गॅप' म्हणतात. तुमच्या भाषेत सांगतो. ऊस लावल्यावर जिथं उगवत नाही तिथं तुम्ही नांग्या भरायला लावता. आमच्याकडंही जगभरच्या विद्वानांनी लावण करून ठेवली आहे, त्यात कुठं उगवलं नाही ते हुडकायचं. फरक एवढाच की मोकळी जागा दिसली की शेतकरी कपाळाला हात लावतो आणि आम्ही पेढे वाटतो.

पण ती दिसली पाहिजे ना! आमचे गाईड सर पहिल्या दिवसापासून एकच विचारतात, 'भागवत, गॅप कुठाय?' मी म्हटलं, सर, आंधळ्या माणसाला मराठीत वाचून दाखवणारा फोन नीट वाचत नाही. त्यांनी त्यावरच्या निबंधांची चळतच माझ्या पुढ्यात ठेवली. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांची बोटं थरथरतात, बटण चुकतं. म्हणाले, झालंय. मी म्हटलं, खेड्यातली न शिकलेली माणसं. म्हणाले, तेही झालंय, कुठल्याशा थंड देशातल्या बाई येऊन करून गेल्या. मला त्या बाईंचा इतका राग आला की काय सांगू. आपल्या उन्हात आपण राहायचं, आपल्या खड्ड्यांतून एसटीनं आपण जायचं, आणि उणिवा मात्र पाहुण्यांनी येऊन वेचून न्यायच्या. शेवटी सर म्हणाले, 'समितीसमोर जायला थोडेच दिवस राहिलेत. लायब्ररीतून बाहेर पडा, माणसांत जा.' मी संक्रांतीची सुट्टी धरून मिरजगावची एसटी पकडली. (नगरचं नाव बदललं तरी कंडक्टर अजून नगरच म्हणतो आणि तिकीटही तेवढंच घेतो.)

गावात माझी पहिली चूक झाली ती पारावर. मी सहज विचारलं की आपल्याकडं डोळ्यानं, कानानं, हातापायानं अधू असलेली आणि मोबाईल वापरणारी किती माणसं असतील. मला फक्त अंदाज हवा होता. चहा संपायच्या आत गावात बातमी गेली की अपंगांचा सर्व्हे आलाय. मग जो तो लंगडत यायला लागला. ज्यांना मी सकाळी विहिरीच्या कठड्यावर चढून मोटार बघताना पाहिलं होतं ते आप्पासाहेब दोघांच्या खांद्यावर हात टाकून आले. एकानं तर सांगितलं की त्याला डाव्या डोळ्यानं दिसतं पण 'समजत न्हाई'. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की योजना नाही, तीनचाकी नाही, पगार नाही, नुसते प्रश्न आहेत. त्यासरशी पार असा रिकामा झाला की इतकी धडधाकट माणसं मी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती. संशोधक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता घाम आला. मी उठून झुंबरकाकूकडं गेलो, जेवायला.

झुंबरकाकू तुम्हाला आठवत असेल, माझी सख्खी चुलती, तुमच्या लग्नात मांडवभर जिचा आवाज होता ती. ती आणि रंगनाथनाना, दोघांनी उभं आयुष्य जोडीनं कोयता चालवला. दिवाळी झाली की गाडी जुंपायची, तुमच्या कोपरगावकडच्या फडांवर जायचं, उन्हाळा लागला की परत यायचं. संसार निम्मा घरात आणि निम्मा फडावरच्या पाचटाच्या कोपीत. मग काचबिंदूनं काकूची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हे परत येणारं नाही. तेव्हापासून नाना एकटे जातात, तोडणी सोडली, नुसती उसाची, बैलांची टायरगाडी हाकतात, आणि काकू मागं घरी असते. लग्नापासून एक हंगाम त्यांनी वेगळा काढला नव्हता, हे तुम्ही ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

आरतीनं (त्यांची लेक, पुण्याला असते) आईला चांगला मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेऊन दिलाय, पण तो काचेचा, सपाट, बोटाला कुठं काही लागत नाही. म्हणून फोन लावून द्यायचं काम शेजारच्या लंकाबाईंकडं. लंकाबाई बाई मनानं सोन्यासारखी आहे, पण ती फोन लावून देते आणि मग उठत नाही. स्पीकर चालू ठेवते, मांडी घालून बसते, आणि काकूच्या आधी स्वतःच बोलते. आवाज असा की कर्जतला एसटीत बसलेल्या माणसाला मागं वळून बघावंसं वाटेल. 'नाना! झुंबर इचारती, जेवला का?' मग नाना पलीकडून सांगणार, मग त्यावर लंकाबाईचं मत. संध्याकाळी नानांनी कोणती भाजी खाल्ली ते गावाला नानांच्या आधी पचलेलं असतं. काकू मला भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भागवत, तुजं ते शिक्षन कामाला येतंय का बग. मला त्यांच्यासंगं एकटीला बोलायचं हाय. येवढंच. मदी कुनी नगं." मी विचारलं, काय बोलायचंय एवढं? तर म्हणाली, "ते तुला सांगायचं असतं तर लंकाबाईच काय वाईट हुती?"

मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. बाजूचं बटण दाबून धरायचं, टुंग वाजलं की नाव सांगायचं, फोन आपोआप लागतो. मी उत्साहानं पिशवीतून संमतीपत्र काढलं (हे सगळ्यांना वाचून दाखवावं लागतं, नियमच आहे) आणि मोठ्यानं वाचलं, 'सहभागी व्यक्ती तिच्या इच्छेनुसार कोणत्याही क्षणी उठून जाऊ शकते.' काकूनं चुलीवरचा तवा उतरवला आणि म्हणाली, "आरं, घर माजं हाय. उटून जायचं आसंल तर तू जा." तिथं अंगठा घेतला. मग मी तिच्या बोटाला बटण शिकवलं, ते तिला लगेच आलं. टुंग वाजलं. मी म्हटलं, आता म्हण, अमक्याला फोन लाव. काकू गप्प. पुन्हा टुंग. काकू गप्प. मला वाटलं, यंत्राला घाबरते. मी तिला धीर दिला, सोपे शब्द वापरले, दोनदा करून दाखवलं. शेवटी तिनं कपाळावर पदर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "त्यांचं नाव मी कशी घिऊ?"

दाजी, मी आत्तापर्यंत या विषयावरचं जे काही वाचलं आहे त्यात आवाज ओळखण्याच्या शेकडो अडचणी आहेत. तोतरेपणा, खोकला, बोली, मागं वाजणारा टीव्ही. पण जिचा आवाज खणखणीत, नाव तोंडपाठ, यंत्र तयार, आणि तरी ती ते नाव उच्चारणार नाही, कारण तसं केलं तर धन्याचं आयुष्य कमी होतं, ही अडचण कुणाच्या स्वप्नातही आलेली नाही. मी तरी एक प्रयत्न म्हणून स्वतः नाव घेऊन फोन लावून दाखवला. तर फोनमधली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, 'रंगनाथला कॉल करत आहे.' काकूच्या हातातलं पिठाचं भांडं आपटलं. "कोन हाय ही?" मी म्हटलं, कोणी नाही, मशीन आहे. "बाईमानूस हाय ना? मग रंगनाथ म्हनती? राव न्हाई, काय न्हाई? बरूबरीची हाय का त्यांच्या?" मी घाईनं फोन कापला. पुढचं सारं जेवण काकू माझ्याशी बोलली, पण फोनकडं पाठ करून.

मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं रात्री. त्या वेळी मात्र मनात एकच होतं, की सापडली! गॅप सापडली! थंड देशातल्या बाईंच्या बापालाही सापडली नसती अशी! मी अंगणात येऊन गाईड सरांना फोन केला. सर म्हणाले, उत्तम, पण नुसतं 'बोलत नाही' यानं भागत नाही, काहीतरी प्रयोग करा. आता नाव घ्यायची आपल्याकडं एकच सोय आहे, उखाणा. आणि दुसऱ्याच दिवशी लंकाबाईकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी काकूला म्हटलं, तू बायकांत उखाणा घे, फोन मी धरतो, त्याला नाव ऐकू जाईल आणि तो नानांना लागेल. काकूला हे पटलं. उखाण्यात घेतलेल्या नावाचा दोष लागत नाही म्हणाली.

तर सगळ्या बायका बसलेल्या, मी दारात उभा, हात लांब करून फोन धरलेला (पुरुषमाणूस हळदीकुंकवात आलेला बघून दोघीचौघींनी मला वाणही दिलं, प्लॅस्टिकची चाळणी आहे, ताईला हवी तर सांगा). टुंग वाजलं. काकूनं पदर सावरला, घसा साफ केला आणि सावकाश, चालीवर म्हटलं, 'तुरीच्या शेंगा वाळत घातल्या अंगणी, रंगनाथरावांचं नाव घेते संक्रांतीच्या सणी.' बायकांनी वा वा केलं. फोननं क्षणभर विचार केला आणि तुरीचा बाजारभाव वाचायला सुरुवात केली. जवळचं मार्केट, लांबचं मार्केट, कमीत कमी, जास्तीत जास्त. आधी सगळ्या दचकल्या, मग सरकून पुढं आल्या. एकीनं कांद्याचा विचारायला लावला, दुसरीनं हरभऱ्याचा. उखाण्याचं भानसुद्धा कुणाला राहिलं नाही. शेवटी लंकाबाईनं इतरांना लावलं तसंच फोनलाही हळदकुंकू लावलं, ते नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर बसलं आणि अजून निघालेलं नाही. काकू तेवढी कोपऱ्यात बसून होती. घरी येताना माझ्या दंडाला धरून चालताना एवढंच म्हणाली, "एवढ्या बायांत नाव घेतलं, आन् फोन काय लागला न्हाई."

मग समिती. नगरला तीन विद्वान, समोर काजू, मी उभा. मी काकूची सगळी हकिगत शास्त्रशुद्ध भाषेत मांडली, तक्ते दाखवले, उखाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. मधल्या सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, 'अशी गॅप आहे, याला संदर्भ काय?' मी म्हटलं, सर, काकू. 'काकू कुठं प्रकाशित झाल्या आहेत का?' मी म्हटलं, नाही. 'मग गॅप आहे असं आधी कोणी छापलंय?' मी म्हटलं, कोणी छापलेलं नाही, म्हणून तर ती गॅप आहे. तर म्हणाले, 'तसं चालत नाही. गॅप आहे असं दुसऱ्या कुणीतरी आधी म्हटलेलं लागतं.' दाजी, मी पुष्कळ विचार केला, पण दुसऱ्या कुणीतरी आधीच बघून ठेवलेली मोकळी जागा नव्यानं कशी सापडायची, हे मला अजून उमजलेलं नाही. उजवीकडच्या बाई जरा दयाळू होत्या. त्या म्हणाल्या, नाव बदलून नंबर साठवायचे पर्याय तपासलेत का? ते तपासा आणि पुन्हा या. खरं सांगायचं तर ते मी मुद्दामच तपासले नव्हते. उणीव भरली तर दाखवायचं काय?

पण आता इलाज नव्हता. पुन्हा एसटी, पुन्हा मिरजगाव, पुन्हा काकूची भाकरी. मी विचारलं, नंबर 'नाना' नावानं ठेवू? काकू म्हणाली, नाना ते तुम्हा पोरांचे, मी कधी नाना म्हटलंय त्यांना? मग काय म्हणतेस? तर म्हणाली, "अवो म्हनती." म्हणून मी नंबर 'अवो' नावानं साठवला. काकूनं बटण दाबलं, टुंग वाजलं, ती म्हणाली, "अवो," आणि थांबली. मी खुणावलं (काय उपयोग, तिला दिसत नाही), मग म्हटलं, पुढं म्हण ना, फोन लाव. तर म्हणाली, "अवो म्हनल्यावर ते बोलत्यात आदी, मग मी बोलती." तोवर फोन कंटाळून बंद झाला होता. मग 'आरतीचे दादा' करून पाहिलं, कारण आरती वडलांना दादा म्हणते आणि चारचौघांत काकू त्यांना तसंच म्हणते. फोननं आरतीचं नाव ऐकलं आणि थेट आरतीलाच लावला, ती ऑफिसच्या मीटिंगमधून धावत बाहेर आली, आईला काय झालं म्हणून रडायलाच लागली, तिला समजावण्यात दुपार गेली. शेवटी मी म्हटलं, 'मालक' ठेवू? अर्ध्या गावातल्या बायका मालक म्हणतात. काकू चिडलीच. "मालक बैलाला आसतो. मी काय बैल हाय व्हय?" आणि मग जरा वेळानं, ताट माझ्या पुढ्यात सरकवत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "बैलाचंच ठिव की. पवळ्याचं. पवळ्या काय लांब ऱ्हातो व्हय त्यांच्यापसनं?"

दाजी, पवळ्या म्हणजे नानांच्या गाडीचा डावा बैल. मी मुकाट्यानं नंबर 'पवळ्या' नावानं साठवला. काकूनं बटण दाबलं आणि गोठ्यात हाक मारावी तशी मोकळ्या आवाजात म्हणाली, "पवळ्याला फोन लाव." फोनमधली बाई म्हणाली, 'पवळ्याला कॉल करत आहे.' काकू मान हलवून म्हणाली, आता नीट बोलली. पलीकडं घंटी गेली, नानांचा आवाज आला, आणि मी पायात चपला न घालताच बाहेर आलो, लिंबाखाली जाऊन बसलो. लंकाबाई आवाज ऐकून आलीच, तिला मी दारातच थांबवलं आणि कांद्याच्या भावावर घेतलं. काकू आत बराच वेळ बोलत होती. मध्ये एकदा तिच्या हसण्याचा आवाज आला. मी लिंबाखाली बसून मनात म्हटलं, एवढ्या खर्चाचं शिक्षण, एवढा अभ्यास, आणि माझी गॅप भरली कुणी, तर बैलानं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळं आणखीच थकायला झालं.

तर अशी हकिगत आहे. काकूला हवं होतं ते मिळालं, मला हवं होतं ते गेलं, बाकी सगळे सुखरूप आहेत. कंबरेचा पट्टा बांधा. ताईला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा. कळवण्यासारखं एवढंच, न कळवण्यासारखं खाली लिहितो.

तुमचा थकलेला मेहुणा,
भागवत

ता. क. ताईनं पाठवलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा परत पाठवतो आहे. लाडू चांगले होते, असं दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं.

ता. क. दुसरा. गाईड सरांना बैलाचं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. तर म्हणाले, 'वा! जनावराच्या नावानं माणसाशी संपर्क, यावर कुणीच काही केलेलं नाही. इथं गॅप आहे!' पवळ्याचं संमतीपत्र घ्यावं लागेल का, एवढं ते विचारून सांगणार आहेत. तेव्हा समितीपुढं जाऊन येईपर्यंत ही बैलाची युक्ती तिकडं गाडीवानांत बोलू नका, नाहीतर हंगाम संपायच्या आत सगळ्या नगर जिल्ह्यातल्या बायका बैलांना फोन लावतील आणि माझं पुन्हा झालंय-झालंय होईल.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. लिहायचं टाळून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. हे ताईलाही सांगू नका, तिच्या पोटात राहायचं नाही.

त्या दिवशी फोन झाल्यावर मी आत गेलो तर काकू फोन मांडीवर ठेवून बसली होती. मी विचारलं, झालं का मनासारखं बोलून? ती म्हणाली, "भागवत, त्यांना ऐकू येत न्हाई रं." मला वाटलं, रेंज नसेल. तर म्हणाली, रेंजचं नाही. तिनं विचारलं, जेवलात का? नाना म्हणाले, व्हय. पवळ्याचं खूर बरं झालं का? व्हय. तिला बरं वाटलं. मग विचारलं, कधी येताय? तर म्हणाले, व्हय व्हय. तिथं तिला शंका आली. मग तिनं मुद्दाम विचारलं, तिकडं दुसरी केली का काय? नाना म्हणाले, "व्हय, व्हय. बरी हाय. काळजी करू नगं." ते ऐकून ती हसली, तेच मला लिंबाखाली ऐकू आलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की इतके दिवस ते बोलत होते ते लंकाबाईच्या ओरडण्यावर. मधली बाई मी काढली, तीही एवढी पुस्तकं वाचून, आणि मधल्या बाईबरोबर नानांचे कानच काढून घेतले. दाजी, मला फार वाईट वाटलं. दोघांपैकी एकाची सोय करावी तर दुसऱ्याची जाते, हे एवढं वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. नानांची कोपी तुमच्याच गटातल्या फडावर आहे. त्यांना एक दिवस मोटारसायकलवर घाला आणि कोपरगावला कानाच्या डॉक्टरांकडं न्या. सांगा, कारखान्याचा नवा नियम आलाय, सगळ्या गाडीवानांचे कान तपासायचेत. यंत्र लागेल ते मी बघतो. पण काकूचं एक कडक आहे, की तिला कळलंय हे नानांना कळता कामा नये. मी म्हटलं, अगं त्यात लपवायचं काय? तर म्हणाली, त्यांनी एवढे दिवस लपवलंय ते काही उगाच नाही. हिला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही, मग एकमेकांना धरायचं कुणी, याचं त्यांना भ्या असेल. उघड झालं तर लाजेनं फोन उचलायचे बंद होतील. त्यापेक्षा असू दे.

आता रोज दिवेलागणीला पवळ्याला फोन जातो. लंकाबाईला परत बोलवू का विचारलं तर काकू नको म्हणाली. ती सगळं सांगते, शेजारचं, शेतातलं, कोण आलं, कोण गेलं, आणि पलीकडून नाना व्हय व्हय म्हणत असतात. परवा मी तिला फोनवर विचारलं, त्यांना काही कळत नाही, तर तू बोलतेस कशाला?

"नुसता भुनभुन आवाज जात आसंल त्यांला," काकू म्हणाली. "तरी मानूस कानाला लावून बसतंय. काल मीच म्हनले, लई झालं, ठिवा आता. तर म्हनले, व्हय. आन् ठिवलाच न्हाई."